एकाच नंबरचे कंदील

अख्ख्या कामोठ्यात आमच्या शेजारच्या काकांइतका सज्जन गुन्हेगार दुसरा नाही, आणि हे वाक्य पत्रकात छापून चौकात वाटायची माझी तयारी आहे. एकच प्रत असलेल्या वस्तूवर या माणसाचा काडीचाही विश्वास नाही. हयात कचेरीत गेली, त्यामुळे रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्याच्या तीन झेरॉक्स. चाव्या तीन, चष्मे तीन. सुकापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तर सुजलेला गाल धरून हे आधी चिठ्ठीची झेरॉक्स काढायला रांगेत! "अगं, एकच प्रत म्हणजे हरवलेलीच समज," असं वर मलाच सुनावतात.

काकू होत्या तेव्हा दोघं जेवण झाल्यावर मोबाइलवर एक ऑनलाइन गेम खेळत. लुटुपुटूचं गाव, शेती, बाजार. त्यात काकूंनी एक कंदील घडवला होता. जवळ गेलं की घडवणाऱ्याचा आवाज ऐकू यावा अशी सोय होती. काकूंनी बोलून ठेवलं होतं, "आलात का? चपला बाहेर काढा." मग काकू गेल्या, आणि काकांना धास्ती बसली: कंदील एकच आहे.

गेममध्ये एक ग्लिच होता. वस्तू पेटीत टाकताना नेमक्या क्षणी इंटरनेट बंद केलं, की ती पेटीतही राहायची आणि हातातही, दोन्हींवर नंबर तोच. लोक असेच सोनं, तलवारी दुप्पट करून विकत होते, आणि महिनोन्‌महिने राबून एक तलवार मिळवणारी आमच्यासारखी पोरं मूर्ख ठरत होती. मी भडकले. 'नकलखोरांना हाकला' असं निवेदन लिहून सह्या गोळा केल्या. पहिली सही काकांची! "अन्याय तो अन्यायच," म्हणाले, आणि निवेदनाच्या तीन झेरॉक्स मागून घेतल्या. आपणही नकलखोर आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

गेमच्या कंपनीने ऐकलं. एकाच नंबरच्या वस्तूंपैकी रविवार संध्याकाळपर्यंत एकच ठेवा, नाहीतर सगळ्या पुसू.

रविवारी दुपारी काकांनी मला बोलावून मोबाइल हातात दिला. त्यांच्या गावामागची अख्खी टेकडी कंदिलांनी भरलेली, माणूस एक नाही. मी चार पावलं पुढे गेले आणि काकू बोलल्या. मग पुढचा कंदील, मग एकदम दहा-वीस, थोडे मागेपुढे: "आलात का... आलात का... चपला..." काका म्हणाले,

"रोज फिरून येतो मी इथे. पण यातला तिच्या हातचा कुठला?"

"कुठलाही ठेवा ना काका. सगळे सारखेच आहेत."

"सारखे कसे? तिनं एकच केला. बाकीचे मी केलेत."

पुसायला प्रत्येक कंदिलाजवळ जावं लागत होतं. प्रत्येक वेळी "आलात" एवढंच यायचं, आणि तिथे काळोख. काका एकेकापाशी थांबून कान देत, मग मान हलवत, मग मी बटण दाबायचे. माझंच निवेदन, माझंच बोट. टेकडी खालून वर काळी होत गेली.

शेवटी एक उरला.

"हाच ना गं?"

मला कसं कळणार?

"हाच," मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी कुठल्या सभेतही बोलले नव्हते.

काकांनी मोबाइल घेतला. कंदिलापाशी गेले, ऐकलं. चार पावलं मागे आले, पुन्हा गेले. पुन्हा मागे आले.