काकांनी न लावलेलं लेबल

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साली कॅम्प दोन या वस्तीतल्या एका कारखान्यात मी जीन्स शिवायचो. शेजारच्या मशीनवरचे काका सकाळी मशीनला तेल घालताना हळू आवाजात बुद्धाचं पंचशील म्हणायचे; खोटं न बोलण्याचं व्रतही त्यातलंच.

एकदा शेठनं परदेशी नावाची लेबलं आणली. "सब पे लगा दो."

काका म्हणाले, "शेठ, माल इथला आहे. मी नाही लावणार."

मी हसलो. "काका, खोटं लेबल बोलतंय, तुम्ही कुठं बोलताय?"

"टाका मीच घालणार ना रे?"

शेठनं त्यांना कमी मजुरीच्या, बटणांची काजं करायच्या कामावर बसवलं. त्यांच्या वाटची लेबलं मी लावली. त्यावरून ते मला कधीच काही बोलले नाहीत. दुपारी डबा उघडला की जवळा-चटणी आधी माझ्यापुढे सरकवायचे. ती घेताना मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.