अर्धं शटर

आमचे हे वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी सांभाळतात. लग्न झाल्यापासून मी पाहतेय, यांच्या पुरवणीत सतत काहीतरी गायब झालेलं असतं. चिमण्या गायब, मैदानं गायब, थंडी गायब, मंत्र्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गायब, बाजारातून सुटे पैसे गायब. मागे एकदा मध्यमवर्गसुद्धा गायब झाला होता. तो लेख मी आमच्याच स्वयंपाकघरात भाजी निवडत वाचला. शेजारचे आजोबा मात्र खरोखरच घरातून निघून गेले, तेव्हा त्यांना आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या.

माणूस वाईट नाही, हळवा आहे. जुनं काही दिसलं की यांचा जीव कासावीस होतो आणि जीव कासावीस झाला की लेख होतो.

एका रविवारी मजकूर कमी पडत होता आणि यांना माझा दादा आठवला. दादाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. धो धो चालत होतं असं मी म्हणणार नाही, पण चालत होतं. आसपासचे शिंपी आणि कपड्यांचे कारखाने त्याच्याकडेच येत. हे छायाचित्रकाराला घेऊन तिथं पोहोचले, तर दुकानात लख्ख उजेड, गिऱ्हाइकं बसलेली आणि दादा स्क्रू ड्रायव्हर नाचवत कुणाची तरी टिंगल करतोय.

"साहेब, इथं काही गायब होतंय असं दिसतच नाही," छायाचित्रकार म्हणाला.

मग यांनी गिऱ्हाइकांना बाहेर उभं केलं, ट्यूबलाइट बंद करायला लावली. "दादा, शटर जरा अर्धं खाली घ्या ना. आणि जमिनीकडे बघा."

"जावईबापू म्हणतील तसं," म्हणत दादानं शटर ओढलं आणि हसू दाबत जमिनीकडे बघितलं.

'मशीनची खटखट गायब होताना' हा लेख झकास उतरला. वाचून माझे डोळे भरून आले. दादाला फोन केला, तर हा रेडिओ लावून कामात.

पण त्यानंतर गिऱ्हाईक येईनासं झालं. एका शिंप्यानं दादाला भर रस्त्यात गाठून हळहळ व्यक्त केली, वर आपली मशीनं दुरुस्तीला मशीन कंपनीच्या माणसाकडे दिल्याचंही सांगितलं.

"अरे, मी आहे की अजून!" दादा म्हणाला.

"असायलाच हवं. तब्येतीला जपा," म्हणून तो निघून गेला.

मी यांना फैलावर घेतलं. दुकान चालू आहे असं छापून आणा म्हटलं. हे संपादकांकडे गेले, फोटोचंही खरं ते सांगितलं. संपादक म्हणाले, "फोटोला थोडी मांडणी लागतेच. आणि दुकान चालू आहे, ही काय बातमी झाली?"

मग हे स्वतःच निघाले. सुट्टीच्या दिवशी एकेका शिंप्याच्या दारात जाऊन सांगायचे, दुकान चालू आहे हो. एका कारखान्यात मुकादमानं भिंतीवर चिकटवलेलं कात्रणच दाखवलं.

"पेपरात आलंय, साहेब."

"तो लेख मीच लिहिलाय."

"मग तुम्हाला तर माहीतच आहे," मुकादम म्हणाला.

त्या दिवशी हे न जेवताच झोपले. राग होताच मला, पण यांचं ताट मी झाकून ठेवलं.

शेवटी दादानं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी धरली. ज्यानं कधी कुणाला साहेब म्हटलं नाही, तो उतारवयात गणवेश घालून हजेरी लावणार होता. दुकान आवरायला आम्ही दोघं गेलो. सामान टेम्पोत चढलं. दादानं शटर पार खाली ओढलं, कुलूप लावलं आणि यांच्याकडे वळून म्हणाला, "जावईबापू, फोटो हवा असेल तर आत्ता काढून घ्या."

टोमणा नव्हता तो. यांना लेखासाठी फोटो लागेल असं त्याला मनापासून वाटलं होतं. यांनी कुलूप एकदा ओढून बघितलं.

दुकान बंद झाल्याची बातमी संपादकांनी यांच्याकडेच मागितली. यांनी नोकरीत पहिल्यांदा नाही म्हटलं, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी ती लिहिली. फोटो तोच लावला, अर्ध्या शटरचा. चूक काढायचीच म्हणून मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. या वेळी एकही सापडली नाही.