चाकवताची जुडी आणि परतीचं तिकीट

मागच्या शनिवारी मी एकटी बेटावर जाऊन आले. एकटी म्हणजे अगदी एकटी... बसने सिएटल, तिथून चालत धक्क्यावर आणि पुढे बोटीने. अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात आज्या मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून जग बघतात, म्हणून मुद्दाम सांगते.

हे खूळ रोझाबाईंनी डोक्यात घातलं. त्या आमच्या शेजारीण, ऐंशीच्या, इटलीच्या. त्यांचं माहेर एका मोठ्या तळ्याच्या काठी. बुधवारी या काठाला बाजार, शुक्रवारी त्या काठाला... आई टोपली घेऊन बोटीत चढायची आणि ह्या तिचा झगा धरून मागे. मध्ये बेटं लागायची, एकावर राजवाडा आणि पांढरे मोर, दुसऱ्यावर नुसती कोळ्यांची घरं.

त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं. मोर त्यांनी हातवारे करून दाखवला तेव्हा मला आधी कोंबडी वाटली.

आता त्यांचा गुडघा बदललाय, बसची पायरी चढवत नाही. म्हणाल्या, इथेही बेट आहे, शनिवारी बाजार भरतो... तू जा, मला काहीतरी आण.

मुलगा तयार होईना. "आई, मी ड्राइव्ह करून नेतो ना." मी म्हटलं, नेशील रे, पण तुझी मीटिंग, तुझं लॉन, तुझी गाडीची सर्व्हिसिंग... माझा नंबर दिवाळीला लागायचा. हे गेल्यावर मी इथे कायमची आले त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत एकटीने मी मेलबॉक्सपर्यंतच गेलेय.

शेवटी ठरलं. चारच्या आत परत आले तर पुढेही जायचं, नाहीतर विषय बंद. त्याने आपला जुना सेलफोन माझ्या पर्समध्ये घातला, सूनबाईने चिठ्ठीवर बसचा नंबर लिहून दिला. चौथी शिकलेय मी, आकडे येतात. (सूनबाई हे टाइप करतेय, ती हसली आत्ता.)

जाताना काही अडलं नाही. बसमध्ये दोरी ओढली की बस थांबते, ते मला फार आवडलं. धक्क्यावर खिडकीत तिकीट काढलं आणि बोटीत वर जाऊन बसले... वारा असा की पदर आवरता आवरेना. समोर बेट हळूहळू मोठं होत होतं आणि मला वाटलं, अगं बाई, आपण खरंच आलो.

बाजार छोटासाच. मध, चीज, लेट्यूसचे ढीग. एका शेतकऱ्याच्या टेबलाखाली मात्र एक क्रेट होतं, त्यात उपटलेलं तण... मी वाकून बघितलं तर चाकवत. कोवळा, पानांना खालून पांढरं पीठ. आमच्या गावी गुरुवारच्या बाजारात ह्याच्या जुड्या असतात.

मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "चिकन्स." कोंबड्यांना घालतो म्हणे. मी म्हटलं, "नो चिकन्स, मी." सवयीने वर थोडी कोथिंबीरही मागितली आणि त्याने दिली बिचाऱ्याने.

आता माझा घोळ ऐका. परत धक्क्यावर आले तर तिकिटाची खिडकीच दिसेना. लोक सरळ बोटीत चढतायत. मी हातात पैसे धरून उभी... कोणी घ्यायलाच येईना.

लहानपणी एसटीत माझं तिकीट हरवलं होतं, तेव्हा वडिलांनी मला कंडक्टरपुढे उभं केलं आणि दुसरं काढलं. तेव्हापासून तिकिटाशिवाय मी पाऊल टाकलेलं नाही. बोट सुटली. मी काठावर. दुसरी तासाभराने आली... तीही सुटली.

पर्समध्ये फोन होता. काढला, हातात धरला, परत ठेवला. मुलगा गाडी घेऊन आला असता हो, पण मग मी जन्मभर मागच्या सीटवर.

शेवटी झगझगीत पिवळं जाकीट घातलेली धक्क्यावरची एक बाई माझ्याकडे आली. मी पैसे पुढे केले. ती म्हणाली, "नो टिकेट, हनी. फ्री." मी विचारलं, "व्हाय फ्री?" तिने हातानेच समजावलं... येताना दिलेस ना, त्यातच जाण्याचे आले. मग माझा कोपर धरून तिने मला बोटीत बसवलं.

घरच्या स्टॉपवर उतरले तेव्हा सव्वापाच. मुलगा उभा होता, चेहरा उतरलेला. "बेटावर घर बघून आलीस का?" गाडीतून नात म्हणाली, "आजी, यू आर सो ग्राउंडेड." म्हणजे घराबाहेर पाय ठेवायचा नाही, एवढं मला कळतं. मी तिकिटाचा सगळा घोळ सांगितला. फोन का नाही केलास, त्याने विचारलं. म्हटलं, केला असता तर तू न्यायला आला असतास.

रोझाबाई दारातच बसल्या होत्या. मी जुडी पुढे केली, मनात धाकधूक, तण आणलं म्हणतील. त्यांनी एक पान उलटं केलं, अंगठ्याने ते पांढरं पीठ पुसलं... आणि डोळ्यांना पदर, म्हणजे ॲप्रन लावला. त्यांची आई बाजाराहून येताना तळ्याकाठी हेच खुडायची म्हणे.

मुलगा मागे उभा राहून बघत होता. रात्री ताक घालून पातळ भाजी केली, रोझाबाई आमच्या टेबलावर जेवल्या. मुलाने तीनदा वाढून घेतलं.

मंगळवारी सकाळी फ्रिजवर मॅग्नेटखाली बसचा महिन्याचा पास लावलेला होता. शेजारी त्याच्या अक्षरात चिठ्ठी... 'परतीची बोट फुकट असते.'

त्या जाकीटवाल्या बाईचे आभार कसे मानू? परतीची सोय आधीच झालेली असते. आपण नुसतं चढायचं असतं.