तिसरी तार, सातवा पडदा

गिटारवर पाच सुरांचा स्केल मी शिकायला घेतला, तो एका भलत्याच कारणासाठी. त्यात चुकायला जागा नसते, असं मी ऐकलं होतं.

माझ्या मामेभावाने हौसेने इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. दोन महिन्यांत त्याची हौस फिटली आणि ती गिटार, सोबत एक छोटा ॲम्प, आमच्या मळवलीजवळच्या घरी आली. मी तेव्हा तळेगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात सरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असलं तरी माझा हात वर जायचा नाही. चुकलं तर सगळे वळून बघतील, एवढंच डोक्यात असायचं.

मोबाइलवरच्या धड्यात शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, सात सुरांतले दोन गाळले की पाच उरतात. ब्लूज रॉक या पाश्चात्त्य संगीतात गाणं थांबून गिटार एकटी बोलू लागते, तेव्हा ती बहुतेक याच पाच सुरांत बोलते. मागे ताल चालू असताना त्यांतला कुठलाही सूर वाजवा, कानाला खटकत नाही. मला हे फार सोयीचं वाटलं.

हे पाच सूर गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पडद्यांमध्ये पाच ठिकाणी पाच आकारांत सापडतात. त्या आकारांना बॉक्स म्हणतात. फिजिक्सच्या जर्नलमध्ये उरलेल्या आलेखाच्या कागदांवर मी ते पट्टीने आखून काढले आणि इतिहासाच्या सनावळ्या पाठ कराव्यात तसे पाठ केले. खालून वर, वरून खाली. शेजारी ऐकतील म्हणून ॲम्प लावत नसे. ॲम्पशिवाय ही गिटार अगदीच बारीक वाजते. आई म्हणायची, "डास गुणगुणतोय का तू वाजवतीस, कायबी कळत न्हाई."

डिसेंबरात कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बँड जमू लागला. तिसऱ्या वर्षातला वलवणचा एक मुलगा ड्रम वाजवायचा आणि तोच बँड सांभाळायचा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. त्यांच्या एका गाण्यात बारा बारचं एक आवर्तन लीड गिटारला मोकळं सोडलेलं होतं. बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा. तेवढा वेळ बाकीचे हळू वाजवणार आणि एकच गिटार ऐकू येणार. मला ते आवर्तन हवं होतं. आजवर मी कुठे आपणहून काही बोलले नव्हते. निदान इथे तरी बोलावं असं वाटत होतं.

मंगळवारी मी वाजवून दाखवलं. पाचही बॉक्स, एकाही चुकीशिवाय, अगदी वेगात. संपल्यावर दादाने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"अगं, पाढे संपले असतील तर गाणं सुरू करायचं का?"

सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं. तो वाईट नव्हता. नंतर जवळ येऊन म्हणाला, "बोटं चांगली आहेत तुझी. पण एकही तार ओढली नाहीस. ब्लूज असा सरळ चालत नाही. शनिवारी परत ये, आणि येताना एकच बॉक्स आण. नाही जमलं तर तो तुकडा कीबोर्डला देऊ, तू मागे साथीला कॉर्ड वाजव."

तार ओढणं मी मुद्दामच टाळलं होतं. बोटाखालची तार वर ढकलली की सूर चढत जातो आणि तो पुढच्या सुरापर्यंत नेऊन टेकवायचा असतो. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्याशी बोट ठेवून ढकललं, की दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावरचा सूर तिथे मिळायला हवा. मध्ये कुठे राहिलं तर बेसूर. पाच सुरांत चुकायला जी जागा नव्हती, ती नेमकी इथे होती.

गुरुवारी आप्पांची सुट्टी होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत कीमन आहेत. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन ते रोज मळवली ते कामशेत रूळ तपासत चालत जातात. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्यातली सैल झालेली पुन्हा ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. त्या दिवशी ते ओटीवर पावटा सोलत बसले होते. मी आत तीच एक तार पुन्हा पुन्हा ओढत होते.

"ते डबडं आणलंय ना? मंग लाव की," ते बाहेरून म्हणाले. "चोरून काय वाजवतीस?"

मी ॲम्प लावला. आधी तिसरी तार ओढली, मग पडताळायला दुसऱ्या तारेचा पाचवा पडदा वाजवला. असं चारपाच वेळा झालं.

"दुसरं बराबर हाय," आप्पा म्हणाले. "पयलं ढिलं वाजतंय."

मी दारात आले. "आप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"मला गाण्यातलं काय कळतंय? पर ढिली चावी हातोडा लावला की अशीच बोलती. घट्ट आसंल तर खणकन वाजती."

"किती ढिलं आहे?"

त्यांनी शेंग सोलता सोलता विचार केला. "येक घाव कमी पडतोय."

मी गिटार घेऊन ओटीवरच बसले. मी तार ओढायची आणि ते मान वर न करता सांगायचे. न्हाई. न्हाई. जवळ आलं. न्हाई. एकदा मी चिडून सगळा जोर लावला.

"आता लय झालं," ते म्हणाले. "चावी बी प्रमाणाबाहेर ठोकून चालत न्हाई. बसली की हात थांबवायचा."

बोटाचं टोक लाल झालं होतं. आई सोललेला पावटा न्यायला आली आणि बोट बघून म्हणाली, "उद्याच्याला भाकरी कोण थापणार, तुजं आप्पा?"

"थापतो की," आप्पा म्हणाले, आणि मला म्हणाले, "पुन्यांदा वाजीव."

तेवढ्यात एकदा सूर वर गेला आणि थांबला. मी दुसरी तार वाजवली. दोन्ही एकच. आप्पांनी पावटा परातीत टाकला. "आलं," एवढंच म्हणाले.

शनिवारी मी सकाळच्या लोकलने तळेगावला निघाले. कामशेतच्या अलीकडे गाडी हळू झाली. खिडकीतून बघितलं तर रुळापासून बाजूला, नारिंगी जाकीट घातलेले आप्पा उभे होते, गाडी जाऊ देत. त्यांना मी दिसले नाही. गाडी गेल्यावर ते पुन्हा रुळाकडे वळले. हजारो चाव्यांवरून नजर फिरवत जायचं आणि हातोडा एखाद्याच ठिकाणी मारायचा, असं ते रोज करतात. मी मात्र मंगळवारी पाच बॉक्समधला प्रत्येक सूर बडवून आले होते.

दादाने ताल धरला. मी पहिला एक बार काहीच वाजवलं नाही. खरं तर भीतीने, पण कोणी थांबवलं नाही. मग तिसरी तार, सातवा पडदा. सूर खाली राहिला, मला ऐकू आला. सगळ्यांना आला असणार. मी बोट तसंच ठेवून आणखी ढकललं आणि तो जाऊन बसला. मी तो सोडलाच नाही, दोन मात्रा तसाच धरला. पुढे तीनचार सूरच वाजवले असतील. शेवटच्या दोन बारमध्ये घाबरून पुन्हा पाढ्यांवर आले.

"आवर्तन तुझं," दादा म्हणाला. "शेवट मात्र पाठ केलेला होता. तो टाकून दे. गॅदरिंगला अजून दहा दिवस आहेत."

घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते बूट काढत होते. चुकल्याचंही सांगितलं, सूर आधी खाली राहिला ते.

"मंग बसला का?"

"बसला."

"किती दिस हायत म्हनतीस?"

"दहा."

त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघितलं. पावटा अजून अर्धा होता. "घे मंग ते डबडं भायेर," ते म्हणाले आणि परात पुढे ओढली.