घराला धूर

धोंडूकाकांचं घर एक, पण चुली सात. वैशाखरे गावाच्या वर, डोंगराला चिकटलेल्या आमच्या पाड्यात राहत होते ते एकटेच. बाकीचे आम्ही आसनगाव-कल्याणकडे पसार झालो आणि जाताना किल्ल्या काकांच्या हवाली केल्या. काका रोज पाळीपाळीने एक घर उघडत, केर काढत, चूल पेटवत आणि तिथेच चहा पीत. "घर बंद रेला का वासं वाळवी खाते. धूर दिला का नाय खात," हे त्यांचं शास्त्र.

मला ते कुठलं ठाऊक? म्हसा गावच्या जत्रेला आलो होतो, सहज पाड्यावर चढलो. 'सहज' म्हणजे घराचं सागवान विकायला काढलं होतं, त्याचा अंदाज घ्यायला. पाहतो तर माझ्याच कौलांतून धूर! विकायच्या आधीच माल जळतोय म्हणून मी काकांच्या ओट्यावरचा भरला हंडा उचलला, माझं दार लाथेने ढकललं आणि डोळे मिटून पाणी आत भिरकावलं. आग विझली. चहाही विझला. चुलीपुढे काका निथळत बसले होते.

"कोन? आसनगावचं सायेब काय?" त्यांनी तोंड पुसलं. "इजवलास ना? आता च्या तूच कर."

केला. पिता पिता सागवानाचंही सांगून टाकलं. काका रागावले नाहीत. वर वाशांकडे बघत म्हणाले, "ईक ना रे, तुजाच हाय. पन एकाचा छप्पर उतरला का दुसऱ्याला चटक लागते. मंग मी धूर कुनाला देऊ, डोंगराला?"

सागवान न्यायला आलेल्या व्यापाऱ्याला मी खालूनच परत पाठवलं.

गेल्या वर्षी काकांचे गुडघे गेले. लेक त्यांना मुरबाडला घेऊन निघाली. जीपमध्ये बसताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. त्यात आता त्यांच्या घराचीही किल्ली होती. "रजेच्या दिशी येत जा. आनि ओली लाकडा लावू नको."

मी नेमकी ओलीच लावली. पहिल्याच रविवारी, त्यांच्याच घरात. धूर असा उठला, की 'काकांचा घर पेटला' म्हणत खालच्या वाडीतली माणसं हंडे-कळश्या घेऊन धावत वर आली आणि मी तोंड उघडायच्या आत नखशिखांत भिजलो. मग हसून हसून सगळे ओट्यावरच बसले. चहाचं आधण दोनदा ठेवावं लागलं.

संध्याकाळी काकांना फोन करून सगळं कबूल केलं. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू. मग त्यांनी विचारलं, "मानसा किती आली?"

"ओटा भरला, काका."

"मंग ओलीच लावत जा रे."