जतच्या मातीतली सहाचाकी

कुपवाडच्या कारखान्यात माझं काम धूळ शोधायचं आहे. पावडर कोटिंग होऊन भट्टीतून बाहेर आलेला पत्रा ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा आणि रंगाच्या खाली कुठे कण अडकलाय का ते बघायचं. दिसला की खडूने गोल करायचा, पत्रा परत. एकवीस वर्षं हेच करतोय. संध्याकाळी स्कूटर विश्रामबागेकडे वळते तेव्हा डोळे इतके शिणलेले असतात की समोरच्या गाडीवरचा चिखलाचा शिंतोडासुद्धा मी नकळत न्याहाळत बसतो.

आणि रविवारी सकाळी घरच्या गॅलरीत बसून मी प्लास्टिकच्या गाड्यांना धूळ लावतो.

या गाड्या कुठल्याही रस्त्यावर चालत नाहीत. परग्रहावर वापरतील अशा, कुणीतरी मनाने काढलेल्या गाड्या, अंतराळयानं, यंत्रं. त्यांची हातभर, वीतभर मापाची मॉडेल्स बनवायची आणि मग ती नवी दिसू नयेत म्हणून त्यांना गंज चढवायचा, तेल सांडायचं, रंगाचे टवके उडवायचे. माझे वडील मिरजेत भांड्यांना कल्हई लावायचे. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावरही बायको याच गोष्टीवरून मला बोलते. सासऱ्यांनी काळं पडलेलं चमकवलं, तुम्ही कारखान्यात तेच करता, मग घरात बसून चांगल्या वस्तूला गंज का लावता, असं ती विचारते. कारखान्यात जो कण माल परत पाठवतो तोच इथे मी माझ्या हाताने, हवा तिथे ठेवतो, एवढंच मला ठाऊक आहे.

कारखान्याच्या गेटवर एक निवृत्त हवालदार वॉचमन होते. कोरेगावकडचे. फौजेतून आलेल्या कुणालाही आमच्याकडे मेजरच म्हणतात, तसे तेही मेजर. फौजेत असताना गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यातली बरीच वर्षं राजस्थानच्या वाळूत. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर माझ्या एका मॉडेलचे फोटो चाळत होतो आणि ते माझ्या मागे उभे होते. त्यांनी फोन मागितला, हात लांब करून बराच वेळ बघितलं आणि परत दिला.

"भाई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पर ही धूळ खोटी हाय. धूळ अशी पीठ चाळल्यागत सगळीकडं बसत न्हाई. चाकाच्या मागं बसती. पायरीवर बसती. जिथं ग्रीस गळतंय तिथं चिकटून काळी पडती. आन् जिथं जवान रोज हात लावतो तिथं धूळच काय, रंगबी ऱ्हात न्हाई."

मला वाईट वाटलं. त्या मॉडेलवर मी पाच महिने घालवले होते. दोन दिवस मी गेटवरून मान न वळवता गेलो. तिसऱ्या दिवशी स्कूटर लावून त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि विचारलं, गाडीत चढताना माणूस कुठे कुठे हात लावतो?

तिथून आमची सहाचाकी, एखाद्या कोरड्या ग्रहावर चालेल अशी सहा चाकांची गाडी, सुरू झाली. विकत घेतलेल्या एका किटची फक्त चाकं वापरली. बाकीचं सगळं घरातलं होतं, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, रिफिलच्या नळ्या, बंद पडलेल्या शेव्हिंग मशीनचे भाग, वायरच्या आतली तांब्याची तार. मेजर रविवारी सकाळी यायचे, पायताण दाराबाहेर नीट जोडून ठेवायचे आणि गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. गुडघ्यामुळे त्यांना खाली बसता येत नसे. ते हाताने काही करत नसत. फक्त बघत आणि सांगत. चढताना डावा पाय पहिला पडतो, तवा डावी पायरी जास्त झिजली पाहिजे. टाकीचं झाकण उघडताना पाना निसटतो, तवा झाकणाभोवती ओरखडे गोल असतात, सरळ नसतात. मी मान डोलवायचो आणि केलेलं पुसून पुन्हा करायचो.

टवक्यांसाठी मी स्वयंपाकघरातलं जाडं मीठ वापरतो. आधी गंजाच्या रंगाचा थर द्यायचा, तो वाळला की पाण्याचा हलका हात, त्यावर मीठ आणि मग वरचा रंग. सगळं वाळल्यावर मीठ बोटाने झाडलं की तिथला रंग निघून येतो आणि खालचा गंज दिसतो. हे मी मेजरना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, त्यांच्या फुगलेल्या बोटांत ते फार लहान दिसलं, आणि ते म्हणाले की अशी एक गाडी त्यांनी सहा वर्षं सांभाळली होती. पुढे ती भंगारात काढली, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

धुळीसाठी मी बाजारातली रंगीत पूड आणली होती. मेजर म्हणाले, जिथं फोटो काढायचा तिथलीच माती घ्या, गाडीवरची धूळ आन् जमिनीवरची धूळ एक असली पाहिजे. परग्रहासारखा कोरडा, उघडा माळ जतकडेच मिळणार होता, आणि आमच्याकडचा एक वेल्डर जतचा होता. तो गावाला गेला तेव्हा माती मागवली. तो विचारात पडला असावा, पण डबाभर घेऊन आला. ती मी बायकोच्या जुन्या ओढणीतून तीनदा चाळली. तीन रविवार ब्रशच्या टोकाने ती धूळ आम्ही एकेका जागी बसवली. वर वार्निश मारलं नाही. वार्निशने धूळ ओली दिसते, मेलेली दिसते. या सगळ्याला आठ महिने लागले. शेवटीशेवटी मला खांद्यात कळ यायची आणि चष्म्यावर भिंग धरूनही नीट दिसायचं नाही.

फोटो काढायला आम्ही माघात एका रविवारी दुपारी स्कूटरवर जतला गेलो. मागे बसलेल्या मेजरांच्या मांडीवर बुटाच्या खोक्यात, कापसात गाडी. कवठेमहांकाळच्या पुढे ऊस संपतो आणि जमीन हळूहळू उघडी पडते. वेल्डरने सांगितलेल्या माळावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. काढून नेलेल्या ज्वारीचे खुंट, त्यापलीकडे नुसता खडकाळ माळ. मी पालथा पडलो. गाडी लेन्सपासून वीतभर अंतरावर ठेवायची, फोन उलटा धरायचा म्हणजे लेन्स जमिनीला टेकते आणि गाडी डोंगराएवढी दिसते. मोठे खडे बोटाने वेचून टाकायचे, गवताची काडी दिसता कामा नये, नाहीतर बघणाऱ्याला लगेच माप कळतं. पाऊण तास मी तसाच पडून होतो. एकही फोटो मनासारखा येईना. मागचं आभाळ फार स्वच्छ होतं, गाडी खेळण्यासारखी दिसत होती. एका फोटोत तर चाकावर मुंगी चढलेली निघाली. मी उठून बसलो आणि मेजरना म्हणालो, चला जाऊ, माझ्यात आता जोर नाही.

तेवढ्यात उतारावरून मेंढरं आली. घराकडे परतत होती. त्यांच्यामागचा धनगर वयस्कर होता, मेंढरांशी कानडीत बोलत होता आणि आम्हाला बघून मराठीत विचारू लागला की हितं काय कराल्यात. मेजरनी त्याला सगळं सांगितलं, न लाजता, जणू खरीच गाडी बंद पडली आहे. त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, मेंढरं हिकडनं नेऊ का तिकडनं?

मेजर म्हणाले, "गाडीच्या मागनं न्या. जरा दाटीनं न्या."

दोनशेएक मेंढरं गाडीच्या मागून गेली. त्यांच्या खुरांची धूळ उठली, उन्हात तांबूस झाली आणि तिने सगळं आभाळ झाकून टाकलं. मेजर मला फक्त एवढंच म्हणाले, "आता काढा, भाई." मी काढत राहिलो. खोकला येत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पडद्यावर काही दिसत नव्हतं. धूळ खाली बसल्यावर बघितलं तर अकरा फोटोंपैकी एक असा होता की मी स्वतः क्षणभर विसरलो, ही गाडी माझ्या गॅलरीत झाली आहे. धनगरानेही फोनमध्ये डोकावून बघितलं आणि हा मुलूख कुठला म्हणून विचारलं. मेजर म्हणाले, तुमचाच.

तो फोटो मी मॉडेल बनवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकला. देशोदेशीची माणसं तिथे आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिथून काढून टाकलेला होता. ग्रुप चालवणाऱ्याने दोन ओळी लिहिल्या होत्या, की हे चित्र एआयने तयार केलेलं दिसतं, विशेषतः मागची धूळ, आणि इथे फक्त हाताने केलेलं काम चालतं. मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग मुंगीचा फोटो पाठवला. त्यावर एकाने लिहिलं, हल्ली मुंगीही कुणी घालू शकतं. बनवतानाचे फोटो दाखवा म्हणाले. ते माझ्याकडे नव्हते. रंगाने हात भरलेले असताना फोन कोण धरणार? गाडी टेबलावर ठेवून व्हिडिओ काढावा असं ठरवलं, ट्यूब लावली, फोन उभा केला आणि मग तसाच बसून राहिलो. दिवसभर दुसऱ्यांचा माल मी संशयाने बघतो, तोच संशय आता माझ्याकडे बघत होता. तो कसा असतो ते मला चांगलं माहीत होतं. डाग शोधायचाच म्हटलं की डाग सापडतो.

दुसऱ्या दिवशी गेटवर मेजरना सांगितलं. ते रजिस्टरमध्ये एका टेम्पोचा नंबर लिहीत होते. लिहून झालं, पेन खिशाला लावलं आणि मग बोलले.

"भाई, दर नोव्हेंबरात मी बँकेत जातो, मी जिता हाय ह्याचा दाखला द्यायला. म्होरं उभा असतो. बोलतोय, चालतोय. तरी कागद मागत्यात, अंगठा मागत्यात. आन् अंगठा घासून गेलाय, मशीन घेत न्हाई. मग तीन तीनदा पुसून दाबायचा." त्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला. "मी दाबतो, मला पेन्शन पायजे. तुमाला त्यांच्याकडनं काय पायजे?"

मी विचार केला. मला काही नको होतं. मी तो ग्रुप सोडला नाही, भांडलोही नाही. व्हिडिओ पाठवलाच नाही. पण पुढचे कितीतरी रविवार गॅलरीतलं टेबल मी उघडलं नाही. सकाळी चहा पिऊन पुन्हा आडवा व्हायचो. बायकोने काही दिवस बघितलं आणि एकदा स्वतःच म्हणाली, मीठ जाडं आणलंय, लागलं तर घ्या. मी घेतलं नाही.

पावसाळ्याआधी मेजरनी नोकरी सोडली. गुडघा आता उभं राहू देत नव्हता. शेवटच्या दिवशी मी त्यांना गाडी दिली, त्याच बुटाच्या खोक्यात. ते नको म्हणाले नाहीत.

दिवाळीनंतर त्यांनी जेवायला बोलावलं. एसटीने कोरेगावला उतरलो, तिथून वडापच्या जीपने गावात गेलो. घराभोवती ऊस, अंगणात ट्रॅक्टर. मेजर काठी टेकत दारापर्यंत आले. आत भिंतीत काचेचं कपाट होतं, त्यात त्यांची पदकं, फौजेतला एक फोटो आणि मधोमध आमची सहाचाकी. मी जवळ गेलो आणि माझ्या लक्षात आलं. तिच्यावर धूळ नव्हती. पायरीवर नाही, चाकांमागे नाही, कुठेच नाही. जतची सगळी माती गेली होती.

मेजरांच्या पत्नी, वहिनी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी माझी नजर बघितली आणि आनंदाने म्हणाल्या, "लय धूळ बसली हुती भाऊजी. दिवाळीला ओल्या फडक्यानं सगळी पुसून घेतली. कापूस काडीला गुंडाळून फटीतनंबी काढली."

मेजर जमिनीकडे बघत होते. वहिनी आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "फोनवर सांगवलं न्हाई मला. आन् तिला काय बोलू? तिनं दिसभर बसून पुसलीया. तुमी आठ म्हैनं जेवढ्या जपून लावली ना, तेवढ्याच जपून."

मी कपाट उघडून गाडी हातात घेतली. रागवायला पाहिजे होतं, पण राग आला नाही, फक्त खूप दमल्यासारखं वाटलं, आणि त्यातही थोडं हलकं. मिठाने काढलेले टवके जागेवर होते. झाकणाभोवतीचे गोल ओरखडे होते. डावी पायरी जास्त झिजलेली होती. धुऊन पार्किंगला लावलेली गाडी दिसते तशी ती दिसत होती. मेजरनी विचारलं, माती परत आणायची का. मी म्हटलं, राहू दे.

जेवताना वहिनी गाडीबद्दल विचारत होत्या. ही कुठल्या देशात चालते, आत किती माणसं बसतात. मी म्हटलं, देश असा नाही, ग्रह आहे, कोरडा, आणि आत दोघं बसतात. त्यांनी वाढता वाढता विचारलं की मग पाणी कुठे ठेवतात. मी उठलो, हात न धुताच डाव्या हाताने गाडी आणली आणि मागच्या बाजूचा छोटा कॅन दाखवला. डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीचं टोपण कापून केलेला. त्यांनी तो निरखून बघितला.

"एवढं पुरतंय का दोघांना?" त्या म्हणाल्या.

मेजर म्हणाले, "न्हाई पुरत. आनखी एक लावाय पायजे हुता."

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. कराडपर्यंत झोप लागली. उठलो तेव्हा मान आखडली होती आणि मी दुसरा कॅन कुठल्या बाजूला बसेल याचा विचार करत होतो.