नावासकट शिपाई

केशवरावांच्या सूनबाईंचा फोन आला तेव्हा मी सदर बाजारात चष्म्याच्या दुकानात होतो. "काका, बाबा गेले... चहाचा कप हातातच होता," एवढंच ती बोलली. त्याला आता महिना होत आला.

केशवराव फौजेत बंदुका दुरुस्त करायचे. झाशीजवळच्या बबीना छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याला न परतता झाशीतच राहिले. मी इथल्या कारखान्यातला इंजिनियर. मराठी बोलायला माणूस हवा म्हणून आमची मैत्री जमली आणि भांडायला माणूस हवा म्हणून टिकली. एकदा रद्दीत त्यांना युरोपातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या कोरीवचित्रांचं जाडजूड पुस्तक सापडलं. त्यात पगारावर लढणारे शिपाई होते. मोच्यांची, विणकरांची पोरं, पण फुगीर बाह्या आणि टोपीत पिसं. "ऐट बघा इंजिनियरसाहेब! गावात असा पेहराव केला असता तर दंड झाला असता. मरायला तयार झाला, म्हणून परवानगी!" मग त्यांचं बोट चित्राखाली जाई. सरदाराखाली नाव, घराणं सगळं. शिपायाखाली नुसतं 'ढोलवाला', 'निशाणवाला'. हे त्यांना फार झोंबलं.

साठी उलटल्यावर हा गृहस्थ तांब्याचा पत्रा आणि कोरणी घेऊन बसला. पलटणीतला लांगरी म्हणजे स्वयंपाकी रामदीन, न्हावी, धोबी... जे हयात नव्हते त्यांनाही आठवणीतून त्या जुन्या शिपायांच्या थाटात, कमरेवर हात ठेवून उभं केलं. आधी नाव कोरायचं, मग चेहरा; नावाला जागा कमी पडायला नको, म्हणत. कागदावर छापलं की सगळं उलटतं, म्हणून नाव आठवणीने उलटं कोरलं, पण पदकाचं विसरले; रामदीनचं पदक भलत्याच बाजूला, उजव्या छातीवर आलं. "कुणाला कळतंय!" मी म्हटलं. त्यांनी नवा पत्रा घेतला आणि माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

पुढे दिल्लीहून एक प्रदर्शनवाले आले. चित्रं पसंत पडली, पण म्हणाले, "नाम हटा दीजिए. नीचे बस 'रसोइया', 'नाई' काफ़ी है." आपलं काम एकदा तरी भिंतीवर लागावं, ही केशवरावांची केवढी इच्छा होती, ते मला ठाऊक होतं. ते शांतपणे म्हणाले, "रसोइये तो हज़ारों थे जी, रामदीन एक था." पाहुणे गेले ते गेलेच. चित्रं केशवरावांनी ज्याच्या-त्याच्या घरी पोस्टाने पाठवून दिली. तेव्हा मी चिडलो होतो. आज सांगतो, मला त्या नकाराचा जितका अभिमान वाटतो, तितका माझ्या अख्ख्या नोकरीतल्या कशाचाही वाटत नाही.

तेराव्याला मऊरानीपुरहून रामदीनचा मुलगा आला. "हमाए घर में बाबूजी की और कौनऊँ फोटो नइयाँ," घरात वडिलांचा दुसरा फोटोच नाही, असं तो आपल्या बुंदेलीत सांगत होता, "बस सूबेदार साहब वारी है." बोलताना त्याचा हात सारखा खिशाकडे जाऊन परत येत होता. मुलाची लग्नपत्रिका द्यायला निघायचं म्हणत होता, तोच ही बातमी कळली. आता दुःखाच्या घरात ती काढायची कशी... सूनबाईंनी ओळखलं. "दीजिए भैया. बाबा होते तो खुश ही होते."

पत्रिका मी मोठ्याने वाचली. नवरदेवाच्या नावाखाली सोनेरी अक्षरांत छापलं होतं : सुपौत्र स्व. श्री रामदीन, लांगरी.